९६०० बॉड: आर्डुइनोच्या कोडमध्ये ज्याचं नाव आहे तो शेतकऱ्याचा पोरगा

समजा, भोकरमधल्या एखाद्या पोराने कपाशीच्या रानात मातीचा ओलावा मोजायचा प्रोजेक्ट केलाय. सेन्सर मातीत खुपसला, वायरी आर्डुइनोला जोडल्या, बोर्ड यूएसबी केबलने लॅपटॉपला लावला आणि कोड टाकला. आता स्क्रीनवर आकडे दिसायला पाहिजेत. ५१२, ५१५, ५०९ असे काहीतरी. पण दिसतात काय, तर चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं आणि नुसता कचरा.

सेन्सर बिघडलेला नसतो. केबलही ठीक असते. कोडमध्ये वेग लिहिलाय ९६०० आणि लॅपटॉपच्या सिरियल मॉनिटरमध्ये निवडलाय ११५२००. मॉनिटरच्या कोपऱ्यातल्या यादीतून ९६०० निवडलं की आकडे नीट यायला लागतात.

त्या यादीत प्रत्येक आकड्यापुढे एक शब्द असतो, बॉड. बरेच जण तो वेगाचं एकक म्हणून पाठ करतात आणि पुढे सरकतात. पण ते एका माणसाचं आडनाव आहे. फ्रेंच उच्चार बोदो, पूर्ण नाव एमिल बोदो. त्याचंच इंग्रजी वळणाने बॉड झालं.

बोदोचा जन्म ११ सप्टेंबर १८४५ चा. गाव मान्यो, फ्रान्सच्या पूर्वेकडचं एक छोटं खेडं. वडील शेतकरी. पोराचं शिक्षण गावातल्या प्राथमिक शाळेपर्यंत, त्यानंतर घरच्या शेतात काम. इंजिनिअरिंग कॉलेज वगैरे काही नाही. १८६९ मध्ये, चोविशीच्या आसपास, तो फ्रान्सच्या तार खात्यात शिकाऊ ऑपरेटर म्हणून लागला. तिथे त्याला ह्यूज नावाच्या माणसाने बनवलेल्या यंत्रावर काम करायला शिकवलं. या यंत्राला पियानोसारखी पट्टी असायची आणि दुसऱ्या टोकाला थेट छापील अक्षरं निघायची. पुढे त्याची नेमणूक बोर्दो शहरात झाली. मध्येच प्रशियाशी युद्ध पेटलं, त्यात थोडा काळ सैन्यात काढला आणि १८७२ मध्ये तो पॅरिसच्या ऑफिसात परत आला.

इथे त्याच्या लक्षात एक गोष्ट आली, जी आज कुणालाही साधी वाटेल. पॅरिसपासून बोर्दोपर्यंत शेकडो किलोमीटर तार ओढायला प्रचंड पैसा लागतो. आणि ऑपरेटर दोन अक्षरांच्या मधे बोट उचलतो, तेवढा वेळ ती महागडी तार रिकामी पडून असते. मग त्या रिकाम्या वेळात दुसऱ्याचा निरोप का पाठवू नये? तारेचा वेळ वाटून घ्यायची कल्पना मेयर नावाच्या सहकाऱ्याने आधीच करून पाहिली होती. बोदोने ती ह्यूजच्या छपाईशी जोडली. पण त्यासाठी एक अडचण सोडवावी लागणार होती.

अडचण होती मोर्स कोडची. मोर्समध्ये कुठलं अक्षर एका टिंबाचं, तर कुठलं चार चिन्हांचं. कुणाला किती वेळ द्यायचा हेच ठरत नाही. बोदोने प्रत्येक अक्षराला बरोबर पाच जागा दिल्या. प्रत्येक जागी दोनच शक्यता. पाच वेळा दोन म्हणजे ३२ जुळण्या. अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं मिळून ३२ पुरत नाहीत, म्हणून आता अक्षरं सुरू आणि आता आकडे सुरू असं सांगणाऱ्या दोन खुणा त्याने वेगळ्या ठेवल्या. मोबाइलच्या कीबोर्डवर आकड्यांसाठी वेगळं बटण दाबतो, तसलाच प्रकार. आज ज्याला बिट म्हणतात, ते हेच. १८७४ मध्ये त्याने या सगळ्याचं पेटंट घेतलं.

यंत्र चालायचं कसं, ते बघण्यासारखं आहे. तारेच्या दोन्ही टोकांना गोल तबकडी आणि तिच्यावर फिरणारा ब्रश. तबकडीचे भाग पाडलेले, एकेका ऑपरेटरला एकेक भाग. ब्रश ज्याच्या भागावरून जातो, त्या क्षणी तार त्याची. ऑपरेटरसमोर फक्त पाच बटणं, दोन डाव्या हाताला आणि तीन उजव्या हाताला. यंत्र टिक असा आवाज करायचं आणि त्या ठेक्यावर बटणं दाबायची. ठेका चुकला की अक्षर चुकलं. मिनिटाला साधारण ३० शब्द. भजनी मंडळात टाळ चुकलेला माणूस जसा लगेच कळतो, तसं ते काम होतं.

पण माणसाच्या ठेक्यापेक्षा जास्त महत्त्वाचा होता दोन ब्रशांचा ठेका. पॅरिसचा ब्रश आणि बोर्दोचा ब्रश एकाच वेगाने फिरले नाहीत, तर एकाचा निरोप दुसऱ्याच्या कागदावर छापला जाणार. म्हणून फिरता फिरता वेग आपोआप दुरुस्त करायची सोय बोदोने केली. सगळी मेहनत इथेच होती.

भोकरच्या लॅपटॉपवर कचरा येतो त्याचं कारणही हेच. ९६०० बॉड म्हणजे आर्डुइनो एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद तारेवर धरून ठेवतो. ११५२०० वर बसलेला लॅपटॉप तेवढ्या वेळात बारा बिट होऊन गेले असं समजतो. बोलणारा एका ठेक्यावर, ऐकणारा बारापट घाईत. आर्डुइनो प्रत्येक अक्षराच्या आधी एक आणि शेवटी एक बिट लावतो, कुठून मोजायला लागायचं ते कळावं म्हणून. आठ बिटचं अक्षर असं दहा बिटचं होतं, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरं. ही सुरुवात-शेवटाची युक्ती बोदोची नाही, ती नंतरच्या टेलिप्रिंटरमधून आली.

१२ नोव्हेंबर १८७७ ला पॅरिस ते बोर्दो या तारेवर बोदोचं यंत्र पहिल्यांदा चाललं. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. इथे गोष्ट गोड व्हायला हवी होती, पण झाली नाही. खात्याने संशोधनाला परवानगी दिली होती ती नोकरीची वेळ सोडून आणि पगाराशिवाय. पुढे पैशासाठी त्याला तेच सुवर्णपदक विकावं लागलं. खात्याच्या तारा वाचवणाऱ्या माणसावर ही वेळ यावी, हे आजही खटकतं.

त्यात कोर्टकचेरी. मिमो नावाच्या दुसऱ्या तारतज्ज्ञाने पाच चिन्हांची कल्पना आपली आहे म्हणून १८७७ मध्ये दावा ठोकला. आधी कोर्टाने मिमोच्या बाजूने कौल दिला, नंतर तो रद्द झाला आणि खर्च मिमोच्या अंगावर पडला. दोघांचीही पेटंटं एकाच वर्षातली, त्यामुळे मिमोचा दावा अगदीच हवेतला होता असं म्हणता येत नाही.

नोकरीत मात्र बोदो वर चढत गेला. १८८२ पर्यंत तो इन्स्पेक्टर इंजिनिअर झाला, तोही प्राथमिक शाळेच्या दाखल्यावर. तब्येत पहिल्यापासून साथ देत नव्हती, कामावर खाडे व्हायचे. १८९० मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी लग्न केलं आणि तीनच महिन्यांत बायको गेली. त्याच वर्षी तो पुन्हा नव्या जोडणीच्या कामाला लागला. १८९४ मध्ये पॅरिस-मिलान तार त्याच्या यंत्रावर सुरू झाली. १८९७ मध्ये ब्रिटिश पोस्टाने लंडन-पॅरिससाठी ते घेतलं. २८ मार्च १९०३ ला पॅरिसजवळच्या सो इथे तो वारला. वय ५७.

नंतर डोनाल्ड मरे याने पाच बटणांऐवजी टाइपरायटरसारखा कीबोर्ड आणला आणि कोडमध्ये बदल केले. त्यातूनच टेलिप्रिंटरचा आंतरराष्ट्रीय कोड तयार झाला, पाच बिटचाच. वर्तमानपत्रांच्या ऑफिसात रात्रभर खडखडत बातम्या ओकणारी यंत्रं ती हीच. त्यांचा नेहमीचा वेग ५० बॉड. सिरियल मॉनिटरच्या यादीत आजही ३०० सारखे आकडे दिसतात, ते त्या संथ दिवसांची आठवण आहेत.

वेगाच्या एककाला बोदोचं नाव १९२६ मध्ये देण्यात आलं. तोवर त्याला जाऊन २३ वर्षं झाली होती. १९४९ मध्ये फ्रान्सने त्याच्या चेहऱ्याचं पोस्टाचं तिकीट काढलं.