लिओनार्ड ऑयलर : वाकणाऱ्या खांबाचे गणित

मुलांनो, कंपासपेटीतली प्लास्टिकची लांब पट्टी टेबलावर उभी धरा आणि वरून बोटाने हळूहळू दाबा. आधी काहीच होत नाही, मग ती एकदम बाजूला वाकते. पट्टी तुटत नाही, पण तिची भार पेलण्याची ताकद संपते. हे वाकणे किती भाराला सुरू होते, ते गणिताने प्रथम सांगितले लिओनार्ड ऑयलर यांनी.

ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावी झाला. वडील पाद्री होते आणि मुलानेही पाद्री व्हावे अशी त्यांची इच्छा होती. लिओनार्डला मात्र गणिताचे वेड. योहान बर्नुली हे मोठे गणिती त्याला रोज शिकवायला तयार नव्हते. त्यांनी वाचायला अवघड पुस्तके सांगितली आणि अडलेले विचारायला शनिवारी दुपारी यायला सांगितले. म्हणजे त्याचाही वर्ग आपल्यासारखा शनिवारचाच! कमीत कमी शंका घेऊन जायचे, म्हणून तो आठवडाभर स्वतःच डोके चालवी. पुढे बर्नुलींनीच वडिलांची समजूत घातली.

विसाव्या वर्षी, १७२७ साली, ऑयलर रशियात सेंट पीटर्सबर्गला गेले. तिशीच्या सुमारास उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १७४१ साली ते बर्लिनला आले. १७४४ च्या ग्रंथात त्यांनी वाकणाऱ्या खांबाचे गणित मांडले. बारीक खांबाची उंची दुप्पट केली, तर तो चौथा हिस्साच भार पेलतो. तुमची पट्टी मधोमध कोणी धरली, तर ती किती जास्त भार घेते ते पाहा.

आज गोदामाच्या छपराखाली झेड किंवा सी अक्षराच्या आकाराच्या आडव्या पट्ट्या दिसतात. त्या म्हणजे पर्लिन. पोलादी पत्रा न तापवता वाकवून त्या बनवतात. पत्रा इतका पातळ, की पोलादाची पूर्ण ताकद लागण्याआधीच त्याला बाक येऊ शकतो. वादळी वारा छप्पर वर ओढतो, तेव्हा पर्लिनची खालची बाजू दाबली जाते आणि आधार नसेल तर आडवी सरकते. म्हणून मध्ये आधार देतात आणि कडा दुमडून ताठ करतात. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जॉर्ज विंटर यांनी १९३९ पासून अशा पत्र्यांवर प्रयोग केले. पातळ पत्र्याला मधे लाट आली, तरी कडेचा भाग आणखी भार घेतो, हे त्यांनी मोजले. त्यावरून १९४६ साली तिथे पहिले नियम निघाले.

ऑयलर १७६६ साली रशियाला परतले. थोड्याच वर्षांत दुसरा डोळाही गेला. १७७१ साली घराला आग लागली. बाझलच्याच पीटर ग्रिम या माणसाने त्यांना उचलून बाहेर काढले. तरी काम थांबले नाही. गणित डोक्यात करायचे आणि मुलाला व शिष्यांना सांगून लिहून घ्यायचे, असे करून त्यांनी चंद्राच्या गतीवर जाडजूड ग्रंथ १७७२ साली पुरा केला.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी ते वारले. त्या दिवशीही त्यांनी नातवाला गणिताचा धडा दिला होता.