खाँसाहेब आणि टिपू मियाँ

आमच्या घरी मोती नावाचा एक कुत्रा आहे आणि आजीची एक जुनी पेटी आहे. सिल्वासातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये या दोघांचं एकत्र नांदणं अवघड झालंय. मी पेटीवर सा धरला रे धरला की मोती मान वर करून असा काही गळा काढतो की खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवतात. मागच्या पावसाळ्यात तर प्रकरण इतकं वाढलं की एक तर माझा रियाज बंद करायचा नाहीतर मोतीला गावाला पाठवायचं, यावर घरात गंभीर चर्चा सुरू झाली. मी रडकुंडीला आलो होतो. तेव्हा आजीनं मला उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची गोष्ट सांगितली. आजीचं माहेर मिरजेचं. मिरज म्हटलं की लोकांना मिशन हॉस्पिटल आठवतं, आजीला मात्र तंबोऱ्यांची दुकानं आणि खाँसाहेब आठवतात.

त्यानंतर मी मिळेल ते वाचलं, जुन्या रेकॉर्ड्स ऐकल्या. त्यातून मला कळलेले खाँसाहेब असे.

त्यांचा जन्म १८७२ सालचा, उत्तरेतल्या कैराना गावचा. या गावावरूनच किराणा घराणं हे नाव पडलं. घरात गाणं आणि सारंगी पिढीजात. तरुणपणी ते बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या दरबारात गायक झाले. तिथेच सरदार माने यांच्या घरातल्या ताराबाईंशी त्यांचं जुळलं. दोघांना बडोदं सोडावं लागलं. मुंबई, मग मिरज असा संसार सुरू झाला. आज आपण ज्यांना हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने, सरस्वतीबाई राणे म्हणून ओळखतो, ती याच घरातली मुलं. हिराबाईंचा जन्म १९०५ चा, मिरजेचाच.

१९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. नाव विद्यालय, पण खरं तर ते एक मोठं घरच होतं. गरीब मुलं तिथेच राहायची, जेवायची, शिकायची. खर्च खाँसाहेब आपल्या जलशांच्या कमाईतून भागवायचे. वाद्यांची दुरुस्तीही त्यांना स्वतःला करता यायची. तंबोऱ्याची जवारी जरा जरी बिघडलेली असली तरी त्यांना चैन पडत नसे. श्रुतींचा अभ्यास करणाऱ्या कृष्णाजी बल्लाळ देवलांना त्यांनी आपल्या गळ्याची आणि कानाची मदत केली, ती याच बारकाईमुळे. दक्षिणेत जाऊन आले आणि तिथली सरगम आपल्या गाण्यात आणली. मोठा गवई असूनही नवीन शिकायला त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

आणि या घरात एक कुत्रा होता. त्याचं नाव टिपू मियाँ. खाँसाहेबांनी त्याला चक्क सूर लावायला शिकवलं! आपल्या घरी कुत्रा रडायला लागला की आपण चप्पल उचलतो. खाँसाहेबांनी काय केलं असेल? मला वाटतं, त्यांनी आधी ऐकलं असेल. लांबवलेल्या आवाजाला कुत्रा लांब आवाजानंच उत्तर देतो, हे मोतीमुळे मलाही कळलंय. किराणा घराण्याचं गाणं तर एकेका सुरावर थांबून, सावकाश पुढे जाणारं. ज्याला सुरावर इतकं थांबता येतं, त्याला कुत्र्यासाठी थांबणं काय जड! टिपू मियाँला लोकांसमोर गायलाही बसवलं होतं, असं सांगतात. लोक हसले असतील, पण एवढं शिकवायला किती दिवस लागले असतील, याचा विचार माझ्यासारख्या रियाज टाळणाऱ्यालाच येतो.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही आहे आणि ती मला सोडवत नाही. परक्या मुलांना आणि मुक्या जनावराला सामावून घेणारं हे घर शेवटी फुटलं. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलं पुढे माने आणि बडोदेकर याच नावांनी मोठी झाली. कोणाचं चुकलं, हे ठरवणारा मी कोण? एवढंच वाटतं की सूर जुळवणारे कानसुद्धा घरात कधीतरी कमी पडतात.

नंतर खाँसाहेब मिरजेत राहिले. मीरासाहेबांच्या दर्ग्यावर गायचे. सवाई गंधर्वांसारखा शिष्य त्यांनी घडवला आणि त्यांची झिंझोटीतली रेकॉर्ड ऐकून भीमसेन जोशी लहानपणी गाणं शिकायला घरातून पळाले. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना रेल्वेत त्यांच्या छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळ कोविल नावाच्या छोट्या स्टेशनवर ते उतरले. तंबोरा जुळवून घेतला, दरबारी रागात ईश्वराचं नाव घेतलं आणि तिथेच गेले. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केलं.

आमच्या सिल्वासात दर २ ऑगस्टला मुक्तिदिन होतो आणि १९५४ च्या लढ्यात उतरलेल्या सुधीर फडक्यांची आठवण निघते. तेव्हा गावाचं गाण्याशी नातं जुनंच आहे, असं मी खालच्या काकांना जाऊन सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मग वेळ ठरवून दिली. संध्याकाळी साडेपाच ते सहा, खिडक्या बंद करून. घरातली चर्चाही तिथेच थांबली.

आता मी पेटी उघडतो तेव्हा मोतीला हाकलत नाही, शेजारी बसवतो. सा धरतो आणि त्याचं संपेपर्यंत थांबतो. तो अजून सुरात आलेला नाही. खरं सांगायचं तर मीही नाही. पण पूर्वी मी दहा मिनिटांत उठायचो, आता अर्धा तास बसतो. आजी म्हणते, हे मोतीमुळेच.