गाडगेबाबांचा खराटा आणि भीक मागणारी मुले

गाडगेबाबा म्हटले की डोळ्यांसमोर खराटा येतो. २००० साली राज्य शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि हे चित्र अधिकच पक्के झाले. रस्ते झाडणारा, चिंध्या पांघरणारा एक भोळा साधू, एवढीच त्यांची ओळख नव्या पिढीपर्यंत पोहोचली. असा साधू व्यवस्थेला परवडतो. रस्ता झाडणाऱ्याचा फोटो कार्यालयात टांगता येतो; माणसाच्या हाती भिकेचे कटोरे कोणी दिले, असे विचारणारा मात्र अडचणीचा ठरतो. आम्हाला आज या अडचणीच्या गाडगेबाबांविषयी लिहायचे आहे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात एका परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी गेले तेव्हा डेबू अगदी लहान होता. आई सखुबाई त्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आपल्या भावाकडे आली. मामाच्या घरी डेबू गुरे राखू लागला, पुढे शेतात राबू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. मामाचे छप्पर नसते तर हे पोरही कदाचित दारोदार हात पसरत फिरले असते. पुढे आयुष्यभर अनाथ, उपाशी लेकरांविषयी त्यांना जो कळवळा वाटला, त्याचे मूळ इथे आहे.

मामाची जमीन सावकाराने कर्जात गिळली. ताबा घ्यायला सावकार माणसे घेऊन शेतात आला तेव्हा तरुण डेबूजी एकटे आडवे उभे राहिले आणि सावकाराला परत फिरावे लागले. ज्या काळात सावकारासमोर मान वर करण्याची कुणाची छाती नव्हती, त्या काळातली ही गोष्ट आहे. मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू-मटणाऐवजी त्यांनी गोड जेवण वाढले, तेव्हाही जातीची नाराजी पत्करली. धाडस काही एका दिवसात येत नाही. ते असे शेतात आणि घरच्या पंगतीत कमवावे लागते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. मागे राहिलेल्या कुंताबाईंनी संसार कसा ओढला असेल, याची आठवणही आपण ठेवली पाहिजे. अंगावर ठिगळांचे कपडे, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, एका हातात खराटा, दुसऱ्या हातात फुटके गाडगे. त्याच गाडग्यात ते भाकरी मागून घेत. लोक वेडा समजत, भिकारी म्हणून हाकलून देत. पण या भिकाऱ्याचा एक नेम होता. आधी गाव झाडायचे, घाम गाळायचा आणि मगच कुणाच्या दारी भाकरीचा तुकडा मागायचा. कामाशिवाय भाकरी नाही, हा धडा त्यांनी स्वतःच्या पोटावर गिरवला.

रात्री कीर्तन. साचा वारकऱ्यांचा, पण आशय महात्मा फुल्यांच्या सत्यशोधकाचा. नवसाला बकरे कापू नका, कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा, शिवाशिव पाळू नका, हे ते प्रश्न विचारून विचारून लोकांच्याच तोंडून वदवून घेत. आणि प्रत्येक कीर्तनात एक गोष्ट असायचीच. घरातली भांडी मोडावी लागली, भाकरी हातावर घेऊन खावी लागली, तरी पोराला शाळेत घाला. स्वतः निरक्षर असलेला माणूस हे सांगत होता. १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली, तरी त्यांनी कीर्तन थांबवले नाही.

यात्रेच्या गावी देवळाच्या वाटेवर भिकाऱ्यांच्या रांगा बसतात. यात्रेकरू पैसा टाकतो, पुण्य जमा झाले असे समजतो आणि पुढे जातो. भिकारी जागचा हलत नाही, कारण दात्याच्या पुण्यासाठी तो तिथेच बसलेला हवा असतो. गाडगेबाबांनी या आंधळ्या, पांगळ्या, महारोगी माणसांना जेवू घातले, वस्त्रे दिली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. देवाला वाहिला जाणारा पैसा त्यांनी माणसाकडे वळवला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. गरिबांच्या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहे निघाली. लाखोंच्या इमारती उभ्या केल्या, पण स्वतः झोपडीतच राहिले.

पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्याला टेकायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४९ साली बाबा मुंबईत आजारी असताना देशाचे कायदामंत्री असलेले बाबासाहेब घोंगड्या घेऊन त्यांना भेटायला गेले. कुणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या. पुढे हीच धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंच्या निवाऱ्याची वास्तू विद्यार्थ्यांच्या कामी आली.

या दोघांना जोडणारा धागा आपल्या समाजाने भोगलेला आहे. येसकराची पाळी आली की महाराचे पोर टोपली घेऊन घरोघर शिळी भाकरी मागत हिंडायचे. त्याला हक्क असे गोंडस नाव होते. खरे तर ती जातीने लादलेली, पिढीजात भीक होती. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी उष्टे आणि शिळे तुकडे सोडण्याचा आदेश दिला, महार वतनाविरुद्ध लढा दिला आणि १९५८ च्या कायद्याने ती वतने संपली. टोपली फेकण्याचे धैर्य ज्यांनी दाखवले, त्यांची नातवंडे आज शिकून मोठ्या हुद्द्यांवर आहेत.

पण टोपली सगळ्यांच्या हातून गेलेली नाही. सिग्नलवर, रेल्वे फलाटावर, देवळाच्या पायरीवर हात पसरणारे मूल कोणाचे आहे? नंदीवाले, वासुदेव, गोसावी, जोशी अशा अनेक जमातींना या व्यवस्थेने मागून खाणे हाच धंदा नेमून दिला. ही मुले आपल्याच भावंडांची आहेत. हात पुढे केलेल्या पोराला नाणे देऊन आपण मोकळे होतो आणि त्याला उद्याही तिथेच उभे करतो.

कायदा आज आपल्या बाजूने आहे. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार भीक मागणारे मूल गुन्हेगार नाही, तर काळजी आणि संरक्षणाचा हक्कदार आहे. त्याला भिकेला लावणाऱ्यास ५ वर्षांपर्यंत कैद आहे. १०९८ हा क्रमांक फुकट आहे. कमतरता आहे ती थांबून विचारपूस करणाऱ्या माणसाची.

१४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपली मंडळे मोठ्या प्रेमाने भोजनदान करतात. ते चालूच राहावे. पण त्या रांगेत ताट घेऊन उभे राहिलेले पोर कोणत्या शाळेत जाते, हे आपण विचारतो का? एका मंडळाने वर्षाला एक जरी मूल रस्त्यावरून उचलून शाळेत बसवले, त्याच्या दाखल्याची आणि वह्या-पुस्तकांची जबाबदारी घेतली, आईबापाच्या पालावर जाऊन समजूत घातली, तरी गावोगावच्या मंडळांचे मिळून काम किती मोठे होईल, याचा हिशोब प्रत्येकाने करावा.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या १४ दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, गाडगेबाबांनी जगाचा निरोप घेतला. त्यांच्याकडे पदवी नव्हती, पद नव्हते, कुणाचा हुकूमही नव्हता. गाव झाडायला त्यांनी कुणाची परवानगी मागितली नाही की सोबतीची वाट पाहिली नाही. आपल्याकडे तर शिक्षण आहे, संघटना आहे, संविधान आहे. मग आपण कशाची वाट पाहतो आहोत?