प्लेगचे नाव उच्चारणारे डॉ. अकासिओ व्हिएगस

मुंबईत मेट्रो चित्रपटगृहाजवळ डॉ. अकासिओ व्हिएगस यांचा पुतळा उभा आहे. त्या वाटेने जाणाऱ्या किती जणांना त्यांचे कार्य ठाऊक असेल? म्हणूनच आज आम्ही या श्रद्धावंत समाजाच्या सुपुत्राचे स्मरण करीत आहोत.

गोव्यातील हडफडे येथे १ एप्रिल १८५६ रोजी त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स शाळेत शिकून १८८० साली ते ग्रँट मेडिकल कॉलेजातून वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडले. मांडवी या बंदरालगतच्या दाट वस्तीत त्यांनी रुग्णसेवा आरंभिली. १८८८ साली ते नगरपालिकेवर निवडून आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतील तापाच्या रुग्णांच्या जांघेत गाठी दिसू लागल्या. हा प्लेग आहे, हे डॉक्टरांनी ओळखले आणि २३ सप्टेंबर रोजी नगरपालिकेच्या स्थायी समितीपुढे स्पष्टपणे सांगितले. प्लेगचे नाव निघताच बंदराचा व्यापार बुडेल, अशी धास्ती होती. त्यामुळे अनेकांनी शंका घेतल्या. परंतु पुढील तपासण्यांत त्यांचेच निदान खरे ठरले.

काही महिन्यांतच जवळजवळ निम्मी मुंबई गाव सोडून गेली. १८९७ च्या साथरोग कायद्यान्वये घरोघर झडत्या सुरू झाल्या आणि सक्तीच्या भयाने लोक आपले रुग्ण लपवू लागले. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले.

दरम्यान, भायखळ्याच्या प्रयोगशाळेत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक लशीलाही भीत होते. अशा वेळी डॉ. व्हिएगस यांनी सुमारे १८,००० जणांना लस टोचली. शिपायांना दार न उघडणारे लोक आपल्या ओळखीच्या डॉक्टरांपुढे हात पुढे करीत, यात आम्हांस नवल वाटत नाही.

१९०६ साली ते नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय ख्रिस्ती होत. १९३३ साली त्यांचे देहावसान झाले.

औषध कितीही गुणकारी असो, विश्वासावाचून ते घराचा उंबरठा ओलांडत नाही. वाशिम जिल्ह्यातील इंझोरीसारख्या गावातही तापाचा पहिला रुग्ण लपविला जातो की आशाताईंना वेळीच कळविला जातो, यावरच पुढचे सारे अवलंबून असते. तो रुग्ण आपल्या घरातला असला तरी न लपविण्याचे धैर्य आपण सर्वांनी दाखवावे, असे आम्हांस मनापासून वाटते.