परतीची तारीख

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळाने एक नसता उद्योग अंगावर घेतला. सोलापुरात परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या काही मुलींना चीनमधल्या शिजियाच्वांग शहरात न्यायचे, तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना इकडे आणायचे आणि या देवाणघेवाणीच्या प्रवासासाठी सरकारी अनुदान मिळवायचे. अर्ज लिहिण्याचे काम अर्थातच माझ्या गळ्यात पडले. जन्मभर बँकेत दुसऱ्यांचे अर्ज तपासले, त्याचे उट्टे निघाले म्हणायचे!

नोंदणीचा दाखला, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब, अंदाजपत्रक, हमीपत्र. ही कागदपत्रे जमली. मग आला पार्श्वभूमीचा रकाना. हेच शहर का, ते दहा ओळींत लिहायचे होते. तिथे मी अडलो. कारण त्याचे उत्तर एका माणसाचे आयुष्य होते, आणि ते दहा ओळींत मावत नव्हते.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वडील गिरणीत नोकरीला. घरात दोन भाऊ, पाच बहिणी. अशा घरात मुलाला डॉक्टर करणे म्हणजे काय, हे आमच्या गिरणगावाला वेगळे सांगायला नको. द्वारकानाथ मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले. पुढच्या शिक्षणाची तयारी चालली होती. आता घराला हातभार लागेल, असे दिवस आले होते.

तिकडे १९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र पाठवून डॉक्टरांची आणि औषधांची मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी देशाला आवाहन केले आणि निधी उभा राहू लागला.

इथे मला आमचा अर्ज आठवतो. त्या पथकाला अनुदान कोण देणार होते? सरकार परक्यांचे. आमच्या सोलापूरने तर १९३० मध्ये त्याच सरकारचा लष्करी कायदा सोसला होता आणि जानेवारी १९३१ मध्ये चार माणसे फासावर गेलेली पाहिली होती. त्या सरकारकडून पैसा नको होता, पण पारपत्र त्याच्याकडूनच घ्यावे लागत होते. निवडलेल्या एका डॉक्टरला राजकीय कारणावरून ते नाकारले गेले आणि ऐनवेळी दुसरा माणूस शोधावा लागला. पैसा लोकांनी दिला. सुमारे २२,००० रुपये जमले. गुलाम देशाने दुसऱ्या संकटातल्या देशासाठी वर्गणी काढावी, ही गोष्ट मला आजही थक्क करते. आम्हांला गणपतीची वर्गणी जमवताना नाकी नऊ येतात.

पथकात पाच जण होते. प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, ते स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि पाचवे आमचे कोटणीस, वय २७. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोट मुंबईहून सुटली. हाँगकाँगमार्गे मंडळी कँटनला उतरली. सन यत्‌-सेन यांच्या पत्नी सुंग चिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. पुढच्या महिन्यात कँटनही जपान्यांच्या हाती गेले!

युद्धाच्या पुढे पुढे सरकत पथक चुंगकिंगला पोचले. तिथे कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. सहकाऱ्यांनी त्यांना परत जायला सुचवले असणार, आपणही सुचवले असते. घरी भावंडे, कर्ता पुरुष गेलेला. पण ते परतले नाहीत. या निर्णयाचा गौरव करणे सोपे आहे. मला मात्र नेहमी सोलापूरच्या त्या घराचा विचार येतो. त्या घराने काय सोसले, याची नोंद कोणत्याही स्मारकावर नाही.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचले. यथावकाश चोळकर, मुखर्जी आणि अटल परतले. बसू १९४३ मध्ये आले. कोटणीस उत्तरेकडच्या डोंगराळ आघाडीवर गेले. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून तिथेच काम करता करता नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले होते. जानेवारी १९४१ मध्ये त्यांच्या नावाच्या शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद कोटणीसांकडे आले. रुग्णालय म्हणजे इमारत समजू नका. खेड्यातली घरे आणि हल्ला होताच सगळे उचलून हलवायची तयारी. १९४० च्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगतात. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, विद्यार्थी घडवले, शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहिले. लोक त्यांना ‘क दीहुआ’ म्हणत.

नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांनी परिचर्या शिकवणाऱ्या कुओ चिंगलान यांच्याशी लग्न केले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे हिंदुस्थान, ‘हुआ’ म्हणजे चीन. पण वडिलांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारांसाठी आघाडी सोडण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ते गेले. मुलगा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता.

आमच्या पिढीला कोटणीस कळले ते शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटातून. त्यानंतरची कथा फार जणांना ठाऊक नाही. यिनहुआही वैद्यकीय शिक्षण घेत होता, पण १९६७ मध्ये तो ऐन तारुण्यात वारला. कुओ चिंगलान अनेकदा भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटल्या. २०१२ मध्ये, ९६ व्या वर्षी, त्या निवर्तल्या. त्याच वर्षी सोलापुरात भय्या चौकाजवळच्या कोटणीसांच्या घराचे स्मारक झाले. डॉक्टरांची समाधी शिजियाच्वांगच्या हुतात्मा उद्यानात आहे, आणि म्हणूनच आमच्या अर्जात ते शहर होते.

सरकारेही मागे नव्हती. २००६ मध्ये हू चिंताओ भारतात आले, तेव्हाच्या संयुक्त जाहीरनाम्यात पाच वर्षांत ५०० भारतीय तरुणांना चीनने बोलावायचे ठरले होते. मग २०२० साली गलवानच्या खोऱ्यात रक्त सांडले, त्यातच महामारी, आणि जाणे-येणे आटले. दोन सरकारांचे बिनसले की आधी मुलांचे दौरे रद्द होतात. २२,००० रुपयांच्या वर्गणीला ही भीती नव्हती.

असो. अर्ज दिला आणि दोन महिन्यांनी एक आक्षेप घेऊन परत आला. प्रत्येक सहभागी व्यक्तीची परतीची तारीख स्वतंत्र तक्त्यात हवी. मागणी रास्तच होती, मुलींच्या आई-बापांनाही तेच हवे होते. मी तक्ता करायला बसलो. त्याच सुमारास, ऑक्टोबर २०२५ मध्ये, कलकत्त्याहून थेट विमान पुन्हा सुरू झाल्याची बातमी आली. ते जाते क्वांगचौला. म्हणजे जुन्या कँटनला, जिथे ते पाच जण उतरले होते. मी अंदाजपत्रकातला प्रवासखर्च खोडून नव्याने मांडला आणि तक्ता जोडून अर्ज पुन्हा टपालात टाकला.