पंडिता रमाबाई : बधिरत्व आणि श्रद्धा

पंडिता रमाबाई म्हटले की संस्कृतचे पांडित्य, शारदा सदन आणि धर्मांतराचा वाद या गोष्टी आपल्याला आठवतात. त्यांना ऐकू कमी येत असे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्यांचे चरित्र वाचताना मला तीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले होते. त्या आईच्या तोंडून ऐकून रमाबाईंनी हजारो श्लोक पाठ केले. म्हणजे त्यांची पहिली विद्या कानांनीच मिळवलेली. दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण दगावली. उरलेली बहीणभावंडे पुराणे सांगत देशभर पायी हिंडली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. त्या वेळी रमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या आणि कडेवर लहानगी मनोरमा होती.

त्याच वर्षी पुण्यात हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात अशी मागणी केली. नुसती मागणी करून त्या थांबल्या नाहीत. स्वतः वैद्यक शिकावे म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पण श्रवणशक्ती अधू असल्यामुळे ते शिक्षण त्यांना घेता आले नाही. जे दार इतर स्त्रियांसाठी उघडा म्हणून त्या भांडल्या, ते त्यांच्यासाठीच बंद झाले.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याने मनाला लगेच शांती लाभली असे नाही. ती पुढे काही वर्षांनी, येशूला सर्वस्वी शरण गेल्यावर लाभली, असे त्यांच्या आत्मनिवेदनावरून दिसते. श्रद्धेने त्यांचे कान बरे झाले नाहीत. उलट बधिरत्व वाढत गेले. पण आपले दुःख देवाच्या हाती सोपवल्यावर ते कुरवाळत बसण्याची त्यांना गरज उरली नाही. हात मोकळे झाले आणि ते कामाला लागले.

१८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले आणि अनेक मुली काढून नेण्यात आल्या. त्या वादात दोन्ही बाजूंना काही म्हणणे होते. पण रमाबाई खचल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून त्यांनी शेकडो मुली वाचवून आणल्या. स्वतः दुष्काळ भोगलेल्या बाईला भुकेची हाक ऐकायला कान लागत नव्हते. केडगावच्या मुक्ती सदनात या मुली शेती, विणकाम, छपाई शिकल्या. तेथे अंधांनाही जागा होती. मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल लिपी शिकवली. जिला अधू म्हणून नाकारले गेले, तिच्या घरी अधूपणामुळे कोणाला नाकारले जात नव्हते.

उतारवयात त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. आधीच्या भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातल्या बायकांना कळत नसत. म्हणून संस्कृतच्या या पंडितेने हिब्रू व ग्रीक भाषा शिकून साधी मराठी लिहिली. आपल्या घरातून प्रथमच कॉलेजात आलेल्या आमच्यासारख्यांना या कष्टांचे मोल विशेष कळावे. आपण शिकलेले आईला समजेल अशा शब्दांत सांगणे किती कठीण असते, हे आम्ही रोज अनुभवतो.

जुलै १८२१ नव्हे, १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाबाई वारल्या. एकुलती एक लेक गेल्यावरही भाषांतराची मुद्रिते तपासणे रमाबाईंनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. मुक्ती सदनातील स्त्रियांनी स्वतः खिळे जुळवून छापलेले ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.