लिलियन गिलब्रेथ आणि एक न विचारलेला प्रश्न

वाणिज्य शाखेच्या मित्रांना औद्योगिक व्यवस्थापनाच्या पुस्तकात गिलब्रेथ हे नाव एकदा तरी भेटलेले असते. तेथे ते बहुधा फ्रँक गिलब्रेथ असे असते आणि त्यांच्या पत्नीचा उल्लेख जाता जाता येतो. आपल्या इंग्रजी वाङ्मयाच्या वर्गात मात्र हे नाव कुणी घेत नाही. खरे म्हणजे घ्यायला हवे, कारण लिलियन गिलब्रेथ या मूळच्या आपल्यापैकीच. इंग्रजी वाङ्मय घेऊन बी. ए., इंग्रजी वाङ्मय घेऊनच एम. ए., आणि पुढे अमेरिकेतील नामवंत अभियंता! त्यांच्या कामांची यादी लांबलचक आहे. परंतु मला येथे मुख्यतः त्या यादीतून पुष्कळदा गाळल्या जाणाऱ्या एका कामाविषयी लिहायचे आहे. ते काम म्हणजे मासिक पाळीत वापरायच्या, एकदा वापरून टाकून देण्याच्या सॅनिटरी नॅपकिनचा त्यांनी केलेला अभ्यास. वार्षिकांकात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. ज्या घरांत अजूनही कावळा शिवला एवढेच सांगून पुढचे सारे गिळले जाते, त्या घरांतून आलेल्या मुलींना तसे वाटणार नाही.

लिलियन मोलर यांचा जन्म २४ मे १८७८ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे झाला. घर सधन, वळण जर्मन, भावंडे पुष्कळ आणि त्यांत या थोरल्या. मुलीने महाविद्यालयात जावे हे वडिलांना पसंत नव्हते. एक वर्ष जाऊन पाहते, अशी गळ घालून त्यांनी बर्कलेच्या विद्यापीठात प्रवेश मिळवला. त्या एका वर्षाची चार वर्षे झाली आणि १९०० साली पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांच्या वतीने भाषण करण्याचा मान त्यांना मिळाला. बर्कलेत हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या विद्यार्थिनी. १९०२ साली बेन जॉन्सनच्या बार्थोलोम्यू फेअर या नाटकावर प्रबंध लिहून त्या एम. ए. झाल्या. पुढे वाङ्मयाच्या प्राध्यापक व्हायचे, हा सरळ रस्ता दिसत होता.

१९०३ साली युरोपच्या प्रवासाला निघताना बोस्टनमध्ये त्यांची फ्रँक गिलब्रेथ यांच्याशी ओळख झाली. फ्रँक हे गवंडीकामापासून सुरुवात करून मोठे बांधकाम कंत्राटदार झालेले गृहस्थ. विद्यापीठाचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते, पण वीट उचलून भिंतीत बसवेपर्यंत गवंडी अठरा हालचाली करतो आणि त्या पाचांच्या आत आणता येतात हे त्यांनी दाखवून दिले होते. १९०४ च्या ऑक्टोबरात दोघांचे लग्न झाले. फ्रँक यांच्या सांगण्यावरून लिलियनबाई वाङ्मय सोडून मानसशास्त्राकडे वळल्या. या वळणाचे श्रेय नवऱ्याला द्यावे की त्याबद्दल त्याला दोष द्यावा, हे मला ठरवता आलेले नाही. एवढे खरे की फ्रँक यांची नजर वेगावर होती, तर बाईंची नजर त्या वेगाने थकणाऱ्या माणसावर. १९१६ साली दोघांच्या नावाने थकव्यावरचे पुस्तक निघाले. कामगाराला बसायला धड खुर्ची आहे का, उजेड पुरेसा आहे का, मध्ये विसावा मिळतो का, असले प्रश्न त्यात आहेत.

त्याआधी १९१४ मध्ये बाईंचे व्यवस्थापनाच्या मानसशास्त्रावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखिकेचे नाव मुखपृष्ठावर केवळ आद्याक्षरांनी छापले गेले; लिहिणारी स्त्री आहे हे ग्राहकाला कळू नये, ही प्रकाशकाची अट होती. मूळचा तो बर्कलेसाठी लिहिलेला प्रबंध. विद्यापीठात राहण्याचा नियम पुरा झाला नाही म्हणून त्यावर पदवी मिळाली नाही, तेव्हा दुसरा प्रबंध लिहून १९१५ मध्ये ब्राउन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. हे सारे चालू असताना घरात पाळणा हलतच होता. एकूण तेरा बाळंतपणे झाली. एक मूल मृत जन्मले आणि मेरी ही मुलगी १९१२ साली वयाच्या पाचव्या वर्षी घटसर्पाने गेली.

१४ जून १९२४ रोजी फ्रँक रेल्वे स्टेशनवरून घरी टेलिफोन करत असताना हृदयविकाराने कोसळले आणि गेले. घरात अकरा मुले, सर्वांत धाकटी दोन वर्षांची. लंडन आणि प्राग येथील परिषदांना जाण्याची तयारी झाली होती. पाचव्या दिवशी लिलियनबाई एकट्या बोटीत चढल्या आणि पतीची भाषणे त्यांनी स्वतः केली. त्यांच्या दोन मुलांनी लिहिलेले चीपर बाय द डझन हे १९४८ चे पुस्तक याच प्रसंगापाशी संपते. पुस्तक मोठे विनोदी आहे, त्यावर चित्रपटही निघाला. पण मला ज्यात रस आहे ती गोष्ट पुस्तकाची शेवटची ओळ संपल्यावर सुरू होते.

परत आल्यावर त्यांना कळले की जुने कारखानदार आता करार पुढे चालवायला तयार नाहीत. गिलब्रेथ दांपत्याचा सल्ला त्यांना हवा होता, विधवा गिलब्रेथबाईंचा नव्हे. बाईंनी न्यू जर्सीतील माँटक्लेअरच्या आपल्या घरातच हालचालींच्या अभ्यासाचे वर्ग सुरू केले. ज्या विषयांत पुरुष अभियंत्याला शिरकाव नाही किंवा शिरायची लाज वाटते, असे विषय त्यांच्याकडे येऊ लागले. दुकानातल्या विक्रेत्या मुली, स्वयंपाकघर, आणि १९२६ साली जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीकडून आलेला सॅनिटरी नॅपकिनचा प्रश्न.

त्या काळची परिस्थिती थोडक्यात सांगितली पाहिजे. बहुतेक अमेरिकन स्त्रिया आपल्या आज्यांप्रमाणेच जुन्या कापडाच्या घड्या वापरत, धूत आणि लपवून वाळवत. काही जणी कापूस आणि जाळीचे कापड आणून घरीच पट्ट्या शिवत. जॉन्सन अँड जॉन्सनने १८९६ च्या सुमारास तयार पट्ट्या बाजारात आणल्या होत्या, पण त्या फारशा चालल्या नाहीत. ज्या वस्तूची जाहिरात करता येत नाही आणि जी दुकानात मागता येत नाही, ती खपणार कशी? मग पहिले महायुद्ध आले. किंबर्ली क्लार्क या कागद कंपनीने लाकडाच्या लगद्यापासून जखमा बांधण्यासाठी एक मऊ पदार्थ बनवला. कापसापेक्षा तो स्वस्त होता आणि सुमारे पाचपट ओल शोषून घेत असे. इस्पितळांतील परिचारिकांनी तो आपल्या पाळीसाठी वापरून पाहिला. खरा शोध त्यांचाच म्हणायचा! युद्ध संपल्यावर १९२० साली त्याच मालाचे कोटेक्स नावाचे नॅपकिन डझनाला ६० सेंट भावाने विक्रीस आले. स्त्रियांना तोंडाने मागावे लागू नये म्हणून काही दुकानांत ते काउंटरवरच ठेवीत आणि शेजारी पैसे टाकायला पेटी असे.

म्हणजे स्वस्त कच्चा माल सापडला होता, यंत्रे होती, भांडवल होते. नव्हती ती एक साधी गोष्ट. ज्यांनी ही वस्तू वापरायची त्यांना ती कशी वाटते, हे कुणी विचारलेच नव्हते. लिलियनबाईंनी ते विचारले. त्यांनी प्रश्नावली तयार केली आणि ती मुख्यतः महाविद्यालयांतील विद्यार्थिनी आणि नोकरी करणाऱ्या स्त्रिया यांच्याकडे पाठवली. हजाराहून अधिक उत्तरे आली. १९२६ साली, अनोळखी माणसांनी विचारलेल्या या प्रश्नांना हजारावर स्त्रियांनी उत्तरे लिहून पाठवावीत, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. विचारणारी व्यक्ती स्वतः स्त्री, मानसशास्त्राची डॉक्टर आणि अकरा मुलांची आई होती, याचा त्यात मोठा वाटा असावा.

दुसरीकडे बाजारात मिळणारे नाना प्रकारचे नॅपकिन आणून त्यांची तपासणी झाली. येथे फ्रँक यांच्या विटांचा अभ्यास कामी आला. हालचाल करणारे शरीर आणि त्याला लागणारी वस्तू यांचा मेळ बसतो का, हाच तर त्यांचा जन्मभराचा विषय. नॅपकिन तेव्हा कमरेच्या पट्ट्याला पुढे-मागे सेफ्टी पिनांनी अडकवावा लागे. चालताना तो सरकणार, बसताना दुमडणार. ओल अधिक शोषावी म्हणून जाड केला तर तो कपड्यांतून दिसणार, आणि १९२० नंतरचे झगे तर आखूड आणि तलम. पातळ केला तर डाग पडण्याची भीती. टाकून देण्याजोगा हवा तर तो सहज सुटा झाला पाहिजे, पण वापरताना सुटा होता कामा नये. आणि हे सर्व सांभाळून भाव चढता कामा नये.

उत्तरांतून निघालेले निष्कर्ष कंपनीला रुचणारे नव्हते. बाजारातला एकही नॅपकिन स्त्रियांना पुरता पसंत नव्हता. तो फार लांब होता, फार रुंद होता, फार जाड होता. पुष्कळ जणी विकत आणलेला नॅपकिन घरी कात्रीने कापत, आतला थर काढून टाकत, कोपरे गोल करत आणि मग वापरत. कारखान्यातल्या तज्ज्ञांचे अपुरे काम गिऱ्हाईक पैसे मोजून पुरे करत होते. स्त्रियांना हवे होते ते असे: वापरायला सुखकर, डागांपासून खात्रीचे संरक्षण देणारा, बाहेरून न दिसणारा आणि सहज टाकून देता येणारा. १९२७ च्या आरंभी अहवाल कंपनीच्या हाती पडला. कंपनीने याच सुमारास मोडेस या नावाने नवा माल बाजारात आणला. १९२८ मध्ये मोडेसच्या जाहिरातीबरोबर एक छापील चिठ्ठी येऊ लागली. ती कापून दुकानदाराच्या हाती द्यायची, तोंडाने काही बोलायचे नाही. आज आपल्या गावातल्या औषधाच्या दुकानात पुडा वर्तमानपत्रात गुंडाळून मिळतो, तेव्हा मला ती चिठ्ठी आठवते.

अहवालात उणिवा नव्हत्या असे नाही. ज्यांना विचारले त्या बहुतांशी शिकलेल्या आणि हाती चार पैसे असलेल्या. कारखान्यात राबणारी किंवा शेतावर जाणारी बाई त्यात फारशी नाही, आणि डझनाला ६० सेंट जिला जड वाटत होते ती नेमकी हीच. टाकून दिलेल्या मालाचे पुढे काय होणार, हा प्रश्न तर तेव्हा नळाच्या पाण्याबरोबर वाहून जाईल या भरवशावर सोडला गेला. त्याचे परिणाम आज आपल्या महाविद्यालयाच्या वसतिगृहातही ज्यांना भोगावे लागतात, त्या झाडणाऱ्या मावशींना कुणी प्रश्नावली देत नाही.

विचारणे म्हणजे काय, हे एका देशी उदाहरणावरून अधिक कळते. कोईम्बतूरच्या अरुणाचलम मुरुगनाथम यांनी १९९८ साली पत्नीसाठी स्वस्त नॅपकिन बनवायला घेतले. आधी कापूस वापरून ते फसले. लाकडाचा लगदा वापरायचा असतो हे कळायला त्यांना काही वर्षे लागली. पण त्याहून मोठी अडचण ही की घरच्या बायका बोलेनात आणि महाविद्यालयातील मुलींकडून मोकळी उत्तरे मिळेनात. शेवटी बकऱ्याच्या रक्ताची पिशवी अंगाला बांधून त्यांनी स्वतःवर प्रयोग केले आणि गावाने त्यांना वेडे ठरवले. त्यांचे लहान यंत्र पुढे बचत गटांपर्यंत पोहोचले. लिलियनबाईंना सत्तर वर्षांपूर्वी जे एका प्रश्नावलीने मिळाले, त्यासाठी या माणसाला एवढे सोसावे लागले.

नॅपकिननंतर लिलियनबाईंकडे स्वयंपाकघराचे काम आले. ओटा किती उंच असावा, चूल आणि भांडी यांत किती पावले असावीत, हे त्यांनी हजारो गृहिणींना विचारून ठरवले. स्वतः त्यांना स्वयंपाक फारसा येत नव्हता, ही त्यांच्या घरातली जुनी थट्टा. पायाने उघडण्याची कचऱ्याची पेटी आणि शीतकपाटाच्या दारातले कप्पे यांचे श्रेयही त्यांना दिले जाते. १९३५ मध्ये त्या पर्ड्यू विद्यापीठात अभियांत्रिकीच्या प्राध्यापक झाल्या. तेथील अभियांत्रिकीच्या त्या पहिल्या स्त्री-प्राध्यापक. अकराही मुले महाविद्यालयात शिकली. १९६५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवडून गेलेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या, तेव्हा त्यांचे वय ८७ होते.

१९७० च्या सुमारास मागे चिकट पट्टी असलेले नॅपकिन अमेरिकेत विक्रीस आले. कमरेचा पट्टा गेला, पिना गेल्या. २ जानेवारी १९७२ रोजी ॲरिझोनात लिलियन गिलब्रेथ यांचे निधन झाले. १९८४ मध्ये त्यांच्या चित्राचे ४० सेंटचे टपाल तिकीट निघाले.